साखरेचा डबा

सराफ्यामागच्या गल्लीत राहून
घरात साखर लपवायची!
रात्री दीडलाही खालून तुपाचा वास,
"भिया, एक प्लेट और."

तीन वर्षं झाली.
जेवणाआधी सुई, बेंबीपासून चार बोटं दूर,
काल डावीकडे, आज उजवीकडे.
पाय मीच बघते, बेचक्यांतसुद्धा.
आकडे कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाखाली.

परवा सुई घेतली
आणि रेगेंकडच्या पत्त्यांत जेवण राहिलं.
रात्री उशी घामानं चिंब.
मला म्हणाले, "कोण तुम्ही?"
बोट टोचलं. बावन्न.

डबा शोधू लागले.
तुरीमागे नाही. पोह्यांखाली नाही.
इतका नीट लपवलेला
की मलाही सापडेना.

गाऊनवर शाल घेऊन जिना उतरले.
"साखर दे. मूठभर. लवकर."
कढईवरच्या पोरानं कागदात बांधली,
पैसे घेतले नाहीत.

चार चमचे, पाण्यात.
पंधरा मिनिटं घड्याळाकडे बघत बसले.
पुन्हा टोचलं. अठ्ठ्याण्णव.
"गोड होतं," ते म्हणाले,
चोरी पकडल्यासारखे.

डबा काल मिळाला,
देवघरात, वातींच्या मागे.
आता ओट्यावरच असतो.
ते तिकडे बघत नाहीत.
येताजाता मीच झाकण उघडून बघते,
आहे ना.