एक नळी गरम, एक गार

जानेवारीत शुवैखच्या गॅरेजात
पाना हातात धरवत नाही, इतका गारठा.
आखातात थंडी पडते हे गावी कुणाला पटत नाही.
मी सांगायचं सोडून दिलंय.

बू फहद सकाळी सातला आले.
सत्त्याऐंशीची लँड क्रूझर, रंग उन्हानं खाल्लेला.
म्हणाले, "बारकर,"
(प त्यांच्या जिभेवर बसत नाही,
पंचवीस वर्षं मी पारकरचा बारकर)
"तंबूकडे जाताना पाय बधिर होतात.
म्हातारा झालो. हीटर चालू कर."

इथे एसीसाठी माणसं भांडतात, शपथा घालतात.
हीटरचा दांडा मात्र
कंपनीतून आला तसा निळ्यावरच.

आधी पाणी पाहिलं. काठोकाठ.
थर्मोस्टॅट बरा, काटा वेळेवर चढतो.
व्हॉल्व्ह गंजून बसला होता,
तेल पाजलं, पक्कडीनं समजूत घातली, उघडला.
मग इंजिनामागे हात घालून
दोन्ही नळ्या धरल्या.
डावा हात भाजला,
उजव्यात काहीच नाही.
म्हणजे पाणी आत जातं
आणि परत येत नाही.

डंबरला म्हटलं, नळ्या सोड,
बागेचा पाइप परतीच्या तोंडाला लाव, उलटा.
आणि हळू.
जुनं पितळ आहे, फुटलं तर
अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल
नि दोन दिवस आपण एकमेकांशी बोलणार नाही.

आधी काहीच आलं नाही.
मग एक गुळणी.
मग गंज, टपरीवरच्या चहासारखा.
मग क्षारांचे खवले,
आणि मग बादलीत
पिवळं.

कूलंट हिरवं असतं, लाल असतं.
हे चिमटीत चोळून पाहिलं.
वास गेला होता, रंग होता.
गळका रेडिएटर बुजवायला
आमच्याकडचे ड्रायव्हर टाकतात:
मूठभर हळद, स्वयंपाकघरातली.

बू फहदना बादली दाखवली.
बराच वेळ बघत राहिले.
"बिकाजी," म्हणाले.

भिकाजी. आडनाव त्यांनी कधी विचारलं नव्हतं.
नव्वदचा ऑगस्ट, गाडीत नऊ माणसं,
सलमीच्या अलीकडे वाळूत
रेडिएटर गळायला लागला.
त्यानं आपल्या शिध्याच्या पिशवीतून पुडी काढली,
पाण्यात कालवली, ओतली,
आणि इंजिन तापू नये म्हणून
हीटर पुरता सोडला.
"ऑगस्टमध्ये, बारकर!
माझी आई त्याला सीमेपर्यंत शिव्या देत होती."

पलीकडे पोचल्यावर रांगा वेगळ्या झाल्या.
कुवेती इकडे, बाकीचे तिकडे.
संध्याकाळी शोधला, नव्हता.
"दोन महिन्यांचा पगार माझ्याकडे राहिला."
मग विचारलं, "तू कुठल्या गावचा?"
"खेड."
"तेच असेल."

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.
मंडणगडपासून सावंतवाडीपर्यंत
भिकाजी काय एक आहे?

पी हळद नि हो गोरी,
आम्ही उतावळ्यांना म्हणतो.
ह्या गाडीनं प्यायली
आणि तीस-पस्तीस वर्षं
दांडा निळ्यावर ठेवून
गप्प बसली.

दुपारी पाणी नितळ आलं.
नवं कूलंट भरलं, क्लॅम्प कसले,
गाडीचं नाक चढावर धरून हवा काढली.
पुन्हा नळ्या धरल्या.
दोन्ही हात भाजले.

बारा दिनार झाले.
बू फहदनी काचा वर केल्या, हीटर लावला
आणि कुठेच न जाता
अंगणात तसेच बसून राहिले.
इंजिन चालू.

रात्री खोलीवर ताट वाढताना
इलियासनं माझी बोटं पाहिली.
साबणानं निघाली नव्हती.
"काय रे, हळद लागली की काय तुला?"

म्हटलं, लागली.
उष्टी आहे.