रद्द तिकिटांमागे

टोपलीतला शेवटचा बांगडा उलटावा
तसं छातीत एकदा. मग गप्प.
दापोलीचे डॉक्टर मुकादम म्हणाले,
कार्डिओग्राम स्वच्छ आहे, भिऊ नका,
खाल्लेलं तेवढं लिहीत जा.

म्हणून धोपाव्याच्या फेरीबोटीवर
रद्द तिकिटांच्या पाठीवर लिहितो:
सोमवार. सुकटीची चटणी. काही नाही.
बुधवारी बरके गरे, पोट फुटेस्तोवर. तरी नाही.
(बायकोने उगाच आमसुलांवर आळ घेतला.)
शुक्रवारी उशिरा जेवण, वर काळा चहा दोनदा.
उलटला.
रविवारी पुन्हा चहा.
पुन्हा.

आता थर्मास घरीच असतो.
काल मात्र नुसत्या पेजेवर, भर दुपारी,
धक्क्याला दोर टाकताना
उलटलाच.
लिहिलं: पेज.
खोडलं.
लिहिलं: भरती होती.