एक्कावन्न गुरुवार

हळदोण्याला मी आलो स्वतःला शोधायला.
सोबत लॅपटॉप, योगाची चटई, आणि एक वही.
पहिल्या पानावर: आधी मी.
दुसऱ्यावर: आपल्या सीमा आखून घ्या.
महिना दोन हजार भरून शिकलो होतो हे
पडद्यावरच्या एका हसऱ्या बाईकडून.

खोली स्कोलाबायच्या घराच्या मागल्या अंगाला.
खिडकीत जांभ्या दगडाचा गडगा,
मध्येच विचित्र वाकलेला.
वाकलेला नाही, सरकवलेला,
पोदेर म्हणाला, पाव मोजता मोजता.
त्र्याण्णव साली
तिचा नवरा बांबोळीच्या इस्पितळात शेवटचे दिवस मोजत होता,
तेव्हा काशियानने गडगा दोन हात अलीकडे घेतला,
फणसासकट.
म्हापशाच्या कोर्टात सोळा वर्षं.
निकाल लागेपर्यंत दोन्ही वकील वारले.
फणस अजून पलीकडेच धरतो.

आणि दर गुरुवारी, चारला,
स्कोलाबाय तपेल्यात पाणी तापवते,
खांद्यावर पंचा टाकते, खिशात नेलकटर,
आणि गडग्याला वळसा घालून जाते
पाणी हिंदकळू न देता.

काशियान ब्याऐंशीचा. साखरेचा आजार.
एक मुलगा लिस्बनला, एक स्विंडनला.
पैसे वेळेवर येतात.
पण पैशाला खाली बसून
पाय मांडीवर घेता येत नाही.

आवडतो तुम्हाला तो? मी विचारलं.
ती बांगडे साफ करत होती.
आवडला असता तर वार कशाला ठरवला असता, पुता?
आवडत्या माणसाकडे कधीही जाता येतं.
जेजूनं प्रीती करा म्हटलंय,
येईपर्यंत वाट बघा, असं नाही.

मग गुरुवारच का?

पवित्र गुरुवारी पाद्री बारा जणांचे पाय धुतो इगर्जीत.
ते सगळे घरून धुऊनच आलेले असतात.
(इथे ती हसली, खवल्यांच्या हाताने नाक पुसलं.)
उरलेले एक्कावन्न मी घेतले.

वहीत मी लिहिलं: बाईंना सीमा नाहीत.
पुढे प्रश्नचिन्ह.

मे महिन्यात, कुरसाच्या लादाईनीसाठी पताका बांधताना
ती स्टुलावरून पडली.
उजवं मनगट. सहा आठवडे प्लास्टर.
गुरुवारी हाक आली: तपेलं चुलीवर आहे.
चारला माझा तास होता पडद्यावर.
त्या दिवशीचा विषय: नाही म्हणायला शिका.

काशियानने पाय पुढे केला, चेहरा नाही.
टाच भेगाळलेली, मे महिन्यातल्या मिठागरासारखी.
नखं पिवळी, जाड, तिसऱ्यांच्या शिंपल्यांसारखी.
पाणी थंड आहे, म्हणाला.
नव्हतं.
ती अंगठ्यापासून सुरू करत नाही, म्हणाला.
मी करंगळीकडे गेलो.

माझ्या आत काहीही उजळलं नाही.
वास आला. मान दुखली.
आणि भीती: रक्त निघालं तर?
साखरेच्या पायाची जखम भरत नाही,
तिने दोनदा बजावलं होतं.
त्या वीस मिनिटांत मी कुठे नव्हतोच.
होतं एक नख,
आणि त्याच्याखालचं कोवळं.

निघताना तो भिंतीकडे बघत म्हणाला,
तिचा हात कसाय?
मी दारापाशी पोचलो, तेव्हा:
फणस पिकलाय. सांग तिला.

सांगितलं.
ती काही बोलली नाही.
डाव्या हाताने तव्यावरचा बांगडा उलटत होती,
तो मोडला.

गडगा तिथेच आहे, दोन हात अलीकडे.
स्वतः मला अजून सापडलेलो नाही,
तसा शोधही जरा ढिला पडलाय.
वहीचं दुसरं पान मी फाडलं नाही.
सीमांच्या ओळीवर आडवं,
रोमी अक्षरांत, डाव्या हाताने वाकडंतिकडं
तिने लिहून ठेवलंय:
म्हापशाहून नवं नेलकटर.
गुरुवारच्या आत.