अल्पबचत व लॉटरी

आमच्या खात्याच्या दारावर पाटी एकच,
तिच्यात नावे दोन: अल्पबचत व लॉटरी.
मधल्या 'व'कडे एकवीस वर्षांत कुणी पाहिले नाही.
मीही नाही. मी त्याच्याच खाली बसायचे.

डावीकडे पासबुके,
उजवीकडे सोडतीचे निकाल, न विकलेल्या तिकिटांचे गठ्ठे,
मध्ये मी, माझा डबा,
आणि दोन्हीकडे चालणारा एकच शिक्का.

चोडणच्या फेरीवर दोर टाकणारा भिवा हळर्णकर
सोमवारी यायचा. खिशातली तिकिटे
घामाने मऊ पडलेली.
"बाय, शेवटचे दोन आकडे जुळलेत. परत बघ ना."
मी परत बघायचे. दोन जुळलेले असायचे.
दोन जुळले की माणूस पुढच्या सोमवारी येतो,
एवढे मला ठाऊक होते.

त्याची बायको सत्यवती गुरुवारची.
जत्राजत्रांतून खाजे विकायची. बोटांना आल्याचा वास,
नोटांना गूळ लागलेला;
तिच्या नोटा एकमेकींना सोडायच्या नाहीत.
दरमहा दोनशे, मुलीच्या नावावर.
नवरा एका बाजूने, बायको दुसऱ्या,
मध्ये तीन दिवस.
मला वाटायचे, चाललेय बरे.

मग वरून आले, महसूल वाढवा.
साहेब म्हणाले, तुमचे मराठी चांगले, एक ओळ द्या.
दुपारी डबा खाता खाता दिली:
"आज दहा रुपये, उद्या दहा पिढ्या."
दहावर दहा! साहेब खुर्चीतून उठले.
मला प्रेशर कुकर मिळाला, पाच लिटरचा.
शिट्टी अजून नीट वाजते त्याची.

ओळ कदंब बसच्या पाठीवर चढली,
म्हापशाच्या बाजारात, वाळपईच्या तिठ्यावर लटकली.
रात्री मांडवीत कॅसिनोंची जहाजे दिव्यांनी फुललेली
आणि त्यांच्यासमोर, काठावर, ट्यूबलाइटखाली माझी ओळ.
ते पैसेवाल्यांचे, हे आपल्या माणसांचे,
असे साहेब अभिमानाने सांगत.
खाली मुंगीएवढ्या अक्षरांत: जबाबदारीने खेळा.
ती ओळ माझी नव्हे.
ती छापखान्यात तयारच असते.

भिवा सोमवारी यायचा,
मग सोमवारी आणि बुधवारी,
मग मी वार मोजायचे सोडले.
सत्यवती एका गुरुवारी आली नाही.
पुढच्या गुरुवारी आली ती फॉर्म मागत,
मुदतीआधी खाते बंद.
"कारण म्हणून काय लिहिशील, बाय?"
म्हटले, घरगुती. सगळ्यांचे तेच लिहिते.
तिने अंगठा उठवला, शाई केसांना पुसली.
वाकली तेव्हा दिसले,
कानांच्या भोकांत केरसुणीच्या काड्या,
भोके बुजू नयेत म्हणून.
म्हणजे अजून काही घालायचे होते तिला तिथे.

मार्चअखेर महसूल सतरा टक्के वर.
त्यातून कुठल्याशा शाळेला रंग दिला, पिवळा,
फोटोही आला.
वहीत मी सगळे रकाने भरले.
काड्यांसाठी कुठला, ते शोधत बसले नाही;
घरी जायची वेळ झाली होती.

परवा रायबंदरच्या थांब्यावर दोघी भेटल्या.
मुलगी आता पहिलीत. हातात खाज्यांची पिशवी,
डोळे समोर थांबलेल्या बसच्या पाठीवर.
आ-ज. द-हा. रु-प-ये.
बोट हवेत अक्षराअक्षरावरून सरकत होते.
उ-द्या. द-हा. पि…
जोडाक्षराशी अडली.
"आई, पुढे काय गं?"
आईला कुठले येतेय वाचायला.
ती माझ्याकडे वळली, तोंडभर हसली,
"बाय, तू शिकलेली. तू सांग तिला."

बस हलली, धूर सोडला.
मी पर्समध्ये चष्मा शोधू लागले.
चष्मा डोळ्यांवरच होता.