नकाराची नोंद

ॲमरिलोत वारा सहसा पडत नाही,
म्हणून खिडकी क्रमांक तीनवर
कागदांच्या उरावर मी नदीतला गोटा ठेवते.

फॉर्म मला पाठ आहे.
बाळाच्या लसींची नोंद राज्याच्या वहीत ठेवू का?
हो. नाही. दोन चौकोन, नखाएवढे.
काहीही निवडा, सुई मिळतेच, हे आधी सांगायचं.
आग्रह करायचा नाही. भुवईनेसुद्धा.

नॉ पॉ वाह आली ती कत्तलखान्याची रात्रपाळी संपवून,
हातांना ब्लीचचा वास, पाठीशी झोळीत मुलगी.
आडनावाचा रकाना मोकळा सोडता येईना
म्हणून 'नॉ' हेच मी आडनाव केलं.
त्याचा अर्थ नुसता 'बाई',
हे मला सात वर्षांनी कळलं.

फोनवर दुभाषी सावकाश वाचत होता.
तिने विचारलं, कोण बघणार?
डॉक्टर, मी म्हटलं. शाळा. आरोग्य खातं.
बंदूकवाले?
नाही.
आज नाही, की कधीच नाही?

माझ्या फॉर्मात याला उत्तर नव्हतं.
दुभाषीही गप्प. मग नियम मोडून
तो स्वतःचं बोलला, हलक्या आवाजात:
बाई, आमच्याकडे गावात यादी आली
की यादीतली घरं आधी जळायची.

तिने दुसऱ्या चौकोनात फुली मारली,
उसवलेल्या शिवणीला टाका घालावा तशी.

काल तिची मुलगी आली. एकोणीस वर्षांची,
बोलणं थेट टेक्ससचं, हेल काढून.
नर्सिंगला प्रवेश हवाय,
गोवराच्या दोन डोसांचा पुरावा हवाय.
पिवळं कार्ड आई तांदळाच्या डब्यात ठेवायची, म्हणाली,
हीटर पेटला तेव्हा ट्रेलरबरोबर डबाही गेला.

मी नाव घातलं. स्क्रीन कोरा.
मला आठवतंय गं, मी म्हटलं,
तू रडली नव्हतीस, सुईकडे टक लावून बघत होतीस,
चौथ्या वर्षी दुसऱ्यांदा आलीस तेव्हाही.
पण माझ्या आठवणीवर शिक्का कोण मारणार?
पुन्हा टोचायला लागेल. दोनदा.

तिने बाही वर केली. मग म्हणाली,
आईने तेव्हा कुठे खूण केली होती?
सांगता येत नाही, मी म्हटलं. नकाराची नोंद आम्ही ठेवत नाही.
ती हसली. म्हणजे कळलंच.

आता तिची स्वतःची सही लागते.
मी फॉर्म सरकवला आणि गोट्याकडे बघत बसले.
तिने सगळा वाचला, मागची बाजूही,
जी कोणीच वाचत नाही.
रांगेत कोणीतरी खोकलं.
घरी नेऊ का? आईला वाचून दाखवते.
ने, म्हटलं. याला मुदत नाही.

दारात वाऱ्याने कागद ओढला,
तिने तो दंडावरच्या कापसाखाली दाबून धरला
आणि पार्किंगमधून तशीच, वाकडी होत, गेली.