इतर जमा

एक्केचाळीस हिवाळे
इसब्रांड डर्कसेन रविवारी पहाटे पाचला यायचा
चर्चची भट्टी पेटवायला.
सास्काचेवानच्या सपाटीवर तेव्हा उणे तीस,
श्वास मिशीवरच गोठलेला,
आणि तळघरातून वर चढणारी ऊब
आमच्या आधी येऊन बाकांवर बसलेली.
आम्ही नऊला यायचो, कोट काढायचो.
ऊब काय, असतेच.

मग नवी यंत्रणा आली. पास्टर ट्रेव्हर
घरून, अंथरुणातून, फोनवर बोट फिरवतो
आणि साडेसातला सगळं आपोआप.
ठराव मीच लिहिला, मी समितीची चिटणीस:
'बंधू डर्कसेन यांच्या प्रदीर्घ सेवेबद्दल
मंडळी ऋणी आहे.'
'प्रदीर्घ' दोनदा खोडून पुन्हा लिहिलं.
पितळी पाटी, केक, टाळ्या.
त्याने केकचा तुकडा रुमालात बांधून घेतला, म्हणाला,
'पुढच्या रविवारी फिल्टर बदलायचाय.'
आम्ही हसलो.
त्याला वाटलं, ठरलं.

ख्रिसमसनंतर कुलूप बदललं.
नवं कुलूप आकड्यांचं. आकडे सगळ्यांना ई-मेलने कळवले.
इसब्रांडकडे ई-मेल नाही
हे सगळ्यांना माहीत होतं,
आणि सगळ्यांना वाटलं,
दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असेल.

जानेवारीत आगानेथा क्लासेन कुरकुरू लागली:
'माझी जागा गार लागते.'
मी नोंदवलं: ज्येष्ठ सभासदांची तापमानाबद्दल तक्रार.
दोन अंश वाढवले.
पुढच्या रविवारी पुन्हा: 'गार.'
आणखी एक अंश. तरुण मंडळी स्वेटर काढून बसली,
गायनवृंदातल्या एका मुलाला घेरी आली.
'वय झालं की असंच,' कुणीतरी म्हणालं,
बहुतेक मीच.

फेब्रुवारीत तिनेच सांगितलं, ब्याण्णव वर्षांची,
माझ्या कानात ओरडून,
कारण तिच्या मते बहिरी मी आहे.
तिची उशी. निळी, विणलेली, मधोमध खड्डा पडलेली.
इसब्रांड ती पहाटे रेडिएटरवर ठेवायचा
आणि ती यायच्या आत उचलून बाकावर.
एकवीस वर्षं,
तिच्या नवऱ्याला पुरलं त्या आठवड्यापासून.
दोघं त्याबद्दल एक अक्षर कधी बोलले नव्हते.

हे कुठल्या ठरावात बसतं?

एका रविवारी मी सहाला गेले.
बर्फात चाकांचे ताजे चाकोरे.
दारापर्यंत जाऊन परतलेली बुटांची पावलं,
पायरीशी जास्त दाट,
माणूस एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत
अंधारात किल्लीचं भोक शोधत राहतो, तशी.
ट्रक कोपऱ्यात. इंजिन चालू. आत तो.
मी हात केला.
त्याने टोपीला बोट लावलं, काच खाली केली नाही.
मी जवळ गेले नाही.
थंडी फार होती, असं मी स्वतःला सांगितलं.

त्या दिवशी अर्पण मोजताना
पाकिटांखालून, नोटांखालून एक किल्ली निघाली,
सुतळीत ओवलेली,
अंगठा लागून लागून दात बोथट झालेली.
खजिनदार लेओना म्हणाली, 'ही कशात धरू?'
पंखा फिरत होता. खोलीत ऊब होती, अचूक, एकवीस अंश.
शेवटी वहीत लिहिलं,
इतर जमा: किल्ली, नग एक.
रकमेच्या रकान्यात तिने रेघ ओढली.

ती आता माझ्या कोटाच्या खिशात असते.
तिने कुठलंच दार उघडत नाही.

काल रात्री आगानेथाची उशी घरी आणली.
माझ्याकडे रेडिएटर नाही,
ओव्हनच्या दारावर ठेवून पाहिली.
लोकरीला करपट वास सुटला.
किती वेळ ठेवायची, कुठली बाजू खाली,
हे आता
त्यालाच विचारावं लागणार.