चाळीशी

रास अल खैमात, नखीलच्या मासळीबाजारामागे,
पंक्चरवाला आणि झेरॉक्सवाला यांच्या मधोमध
अडीच पावलं रुंद दुकान.
पाटी अरबीत, खाली हिंदीत:
चष्मा. जवळचं दिसण्यापुरता.

मालकीण हमिदा मुकादम, मूळची हर्णैची.
बारा वर्षं मॉलमधल्या शोरूममध्ये
ज्यांना नीट दिसत होतं त्यांनाच फ्रेमा विकल्या,
मग एका जूनमध्ये पाटल्या मोडून लायसन्स काढलं.
निम्मी भागीदारी मौझाची.
मौझाचे वडील जाळी विणतात,
ते पुढे येईलच.

मी सिमेंट कंपनीत अकाउंटंट.
शुक्रवारी संध्याकाळी तिची वही तपासतो.
मोबदला: सुलेमानी चहा, आणि सणासुदीला सांदणं.
पहिल्याच दिवशी सांगितलं,
बाई, नऊला येतो तो चष्मा बाराला देता,
तेही अर्धे आज, अर्धे पगाराला,
भाडं काय डोळे मिटून भरणार?

ती म्हणाली, बँकेतले येतात ना,
त्यांच्याकडून तीस घेते.
आणि पुढचं गिऱ्हाईक आत घेतलं.

तिच्याकडे अक्षरांचा तक्ता नाही.
एक सुई आणि दोरा आहे,
ताटलीत तांदूळ, त्यात सात खडे,
आणि लाकडी फळीवर ठोकलेल्या वायरी,
तपकिरी, लाल, जांभळी.
ज्याला जे काम, त्याची ती परीक्षा.

इथे चाळीस उलटलेला माणूस
वय लपवत नाही, नजर लपवतो.
टेकबहादुर इलेक्ट्रिशियन
दोन वर्षं पोऱ्याला विचारायचा,
‘सांग बघू, ही कुठली?’
जणू शिकवतोच आहे.
मोफिज शिंपी सुईत दोरा ओवायला
रोज शाळा सुटायची वाट बघायचा.
नरसय्या मुलीचा फोटो
हात लांब करत करत
भिंतीला टेकेपर्यंत मागे जायचा.

मौझाचे वडील मात्र येईनात.
म्हणायचे, समुद्र दिसतो मला, तेवढं पुरे.
गाठ बोटांना कळते.
शेवटी तीच चष्मा घेऊन किनाऱ्यावर गेली.
म्हाताऱ्याने तो नाकावर ठेवला,
मांडीवरच्या जाळ्याकडे पाहिलं,
बराच वेळ पाहिलं.
मग काही न बोलता
तीन दिवसांचं विणकाम उसवलं
आणि पहिल्या गाठीपासून पुन्हा बसला.

वर्ष सरताना मी तोटा काढला.
नऊशे दहा.
म्हटलं, मी सांगितलं होतं.
हमिदाने वही स्वतःकडे फिरवली.
हर्णैच्या शाळेतले तिचे मराठी आकडे,
एकाला गाठ, नवालाही गाठ.
‘साहेब, हा नऊ नाही.
हा एक आहे.’

एकशे दहा.
तोटा गेला नाही, तो होताच.
पण मी बारा महिने ज्याला बुडणं म्हणत होतो
ते घोट्यापर्यंतचं पाणी होतं.

तिने हसू दाबलं नाही.
सुई-दोरा नाही, तांदूळ नाही,
माझीच वही माझ्यापुढे धरली
आणि एकेक भिंग बदलत विचारत गेली,
आता? आता?
तिसऱ्या भिंगाला
एक आणि नऊ वेगळे झाले.

मी बारा दिरहम काढले.
म्हणाली, पगारदार माणूस. तीस.
घासाघीस केली, सवयीने. जमली नाही.

पावती मीच लिहिली.
एकशे बारावी ओळ.
नाव: विश्राम गोठणकर.
काम: हिशेब.
तक्रार: जवळचं दिसत नाही.
बाकी: काही नाही.